नुसत्या नावासाठी इटलीपर्यंत जावं का?

(पत्राचा सारांश: पत्रलेखिका २९ वर्षांची, म्युनिकमध्ये नोकरीला आहे. घर सातारा जिल्ह्यातलं. आजोबा ८२ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. आजोबांचे वडील मराठा पलटणीत शिपाई होते. १९४३च्या हिवाळ्यात ते इटलीत लढाईत गेले, तेव्हा आजोबा सहा महिन्यांचे होते. घरी त्यांचा एकही फोटो नाही. एक पदक आणि पेन्शनचं जीर्ण पुस्तक आहे. पणजी जाईपर्यंत विचारायची, ‘त्यांना अग्नी तरी मिळाला का?’ नातीला आजोबांना युरोपला आणायचं आहे. तिच्या वडिलांनी अकरा दिवसांत सात देशांची टूर सुचवली. आजोबा एवढंच म्हणाले, ‘माझ्या वडलांचं जिथं काय असेल तिथं ने, बाकीचं राहू दे.’ नातीने इंटरनेटवर शोधलं, तेव्हा इटलीतल्या ‘सांग्रो रिव्हर क्रिमेशन मेमोरियल’च्या यादीत एक नाव सापडलं, पण आडनावाचं स्पेलिंग वेगळं आहे आणि गावाचं नाव ओळखू येत नाही. वडील म्हणतात, तिथं ना समाधी ना अस्थी, दगडावरच्या नावासाठी लाखो रुपये कशाला घालवायचे? काका म्हणतात, इंग्रजांसाठी मेलेल्या माणसाचं एवढं काय? आत्याला तब्येतीची काळजी आहे, कारण आजोबांना मधुमेह आहे आणि एक स्टेंट बसवलेला आहे. नातीला स्वतःला भीती वाटते की आजोबा तिथं खचतील, किंवा त्यांना काहीच वाटणार नाही आणि जन्मभराची आशा फुकट जाईल. टूर आणि हे ठिकाण एकत्र जमवता येईल का, असं ती विचारते.)

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात घरातल्या प्रत्येकाचं म्हणणं आलं आहे. वडिलांचं आहे, काकांचं आहे, आत्याचं आहे, तुझ्या स्वतःच्या भीतीने तर दीड पान भरलं आहे. आजोबांचं मात्र एकच वाक्य आहे. त्यात पॅरिस नाही, स्वित्झर्लंड नाही, युरोपसुद्धा नाही. ब्याऐंशीव्या वर्षी माणूस इतक्या सरळ शब्दांत काही मागतो, तेव्हा ते द्यायचं की नाही यावर घरभर चर्चा व्हायचं कारण मला दिसत नाही. कसं द्यायचं, यावर मात्र नीट बोलायला हवं. घाईगर्दीत नेलंस तर आत्याची काळजी खरी ठरेल आणि वडिलांचा रागही.

वडिलांचा मुद्दा आधी घेते, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट त्यातच दडली आहे आणि ती तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. ‘तिथं काहीच नाही’ असं ते म्हणतात. तुला जी यादी सापडली ती दहन स्मारकाची आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत जे सैनिक गेले आणि ज्यांचा देह मिळाला नाही किंवा ज्यांची कबर माहीत नाही, अशा चार हजारांहून जास्त जणांची नावं तिथल्याच कासिनो या गावातल्या स्मारकावर आहेत. रायगड जिल्ह्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, पण त्यांचंही नाव कासिनोलाच आहे, कारण त्यांचा देह मिळाला नाही. सांग्रोचं दहन स्मारक वेगळं. ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला अशा पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांची नावं तिथं आहेत. असंच एक स्मारक उत्तरेला फोर्ली इथल्या भारतीय सैनिकांच्या स्मशानभूमीत आहे.

म्हणजे तुला सापडलेलं नाव जर तुझ्या पणजोबांचं असेल, तर पणजीच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे. अग्नी मिळाला होता. सोबतच्यांनी त्यांना तसंच टाकून दिलं नव्हतं, आणि कुणीतरी त्याची नोंद केली होती. ऐंशी वर्षं तुमच्या घरात जो घोर आहे, तो एका ओळीने हलका होऊ शकतो. तुझ्या वडिलांना हे सांगितलंस तर ‘काहीच नाही’ हा शब्द ते पुन्हा वापरतील असं मला वाटत नाही.

पण ‘जर’ मोठा आहे. आजोबांना काही सांगण्याआधी तो आपण मिटवायला हवा. इथं घाई करू नकोस. दुसऱ्याच कुणाच्या वडिलांच्या नावापुढे त्यांना उभं केलंस आणि ते वर्षभराने कळलं, तर त्यासारखं वाईट काही नाही.

स्पेलिंग वेगळं आहे याने बिचकू नकोस. पलटणीतल्या कारकुनाने भरतीच्या दिवशी जे ऐकलं ते लिहिलं, आणि पुढे जन्मभर तेच राहिलं. सेनिओ नदीवरच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नगर जिल्ह्याचे नामदेव जाधव सुद्धा सरकारी कागदांत ‘जादव’ झाले आहेत. तेव्हा आडनाव बाजूला ठेव आणि बाकीच्या खुणा जुळतात का ते बघ. या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदीत पुष्कळदा वडिलांचं नाव असतं, लग्न झालेलं असेल तर बायकोचं असतं, गाव आणि जिल्हा असतो. गावाचं नाव मोठ्याने वाचून बघ, इंग्रजी अक्षरं डोळ्यांनी न वाचता कानाने ऐक. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला ऐकव. पुष्कळ गावं अशी सापडतात.

त्याहून भरवशाचा आहे तो सैनिकाचा नंबर. नाव चुकतं, नंबर सहसा चुकत नाही. पदक नीट बघायला सांग. भारतीय सैनिकांना दिलेल्या पदकांवर बऱ्याच वेळा मागच्या बाजूला किंवा कडेवर नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. पदकाला पॉलिश मात्र करू देऊ नका, अक्षरं झिजतात. पेन्शनच्या पुस्तकाच्या पहिल्या पानांवरही नंबर असेल. हा नंबर आणि यादीतला नंबर एक निघाला की विषय संपला.

नाही जुळला किंवा वाचताच आला नाही, तर पुढची दारं आहेत. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, पेन्शनचं पुस्तक घेऊन. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, तिथं साधं, स्वच्छ पत्र लिहा: नाव, गाव, साधारण वर्ष, पणजीचं नाव आणि पेन्शनचा क्रमांक. पत्र आजोबांच्या सहीने जाऊ दे, मुलगा म्हणून. बटालियन कळली तर वर्षाशी मेळ घाल. जंगी पलटण म्हणजे पहिली बटालियन, ती आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर १९४३मध्येच इटलीत उतरली होती. तिसरी बटालियन आली ती १९४४मध्ये. म्हणून ‘१९४३चा हिवाळा’ ही तुमच्या घरातली आठवण बरोबर असेल, तर ती पहिल्या बटालियनकडे आणि सांग्रोकडेच बोट दाखवते. बटालियनची रोजची युद्धनोंदवही लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात असते. त्यात शिपायांची नावं क्वचितच सापडतील, पण कुठल्या दिवशी पलटण कुठं होती हे कळतं. आणि यादीतली चूक पुराव्याने दाखवून दिली तर कमिशन नोंद दुरुस्तही करतं. आजोबांच्या हातून हे काम झालं तर मला फार आवडेल. शिक्षक माणूस आहे, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग सुधारून घेण्याचा हक्क त्यांच्याइतका कुणाला?

ज्या वाचकांच्या घरी पहिल्या महायुद्धातला पणजोबा किंवा खापरपणजोबा आहे, त्यांनीही याच रस्त्याने जावं. फ्रान्समध्ये लढून ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही अशा ४,७००हून अधिक भारतीयांची नावं नव्ह शापेलच्या स्मारकावर आहेत. मराठा पलटणींतले बरेच लोक तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होते, त्यामुळे फ्रान्सच्या यादीत नाव नाही म्हणून निराश होऊ नये. आधी पलटण शोधावी, मग देश.

आता काकांचं म्हणणं. ‘इंग्रजांसाठी मेले’ हे वाक्य आपल्याकडे अनेक घरांत ऐकू येतं, आणि ते रागावून उडवून लावण्यासारखं नाही. त्याच साताऱ्यात १९४३मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं. एका गावातला एक तरुण भूमिगत होता आणि दुसरा परदेशात इंग्रजांच्या गणवेशात होता, कधीकधी दोघं भाऊभाऊ असायचे. काकांच्या मनात ही टोचणी असेल तर ती समजण्यासारखी आहे. पण त्यांना एक प्रश्न विचार. माणदेशाकडच्या कोरड्या जमिनीवर, चार तोंडं खाणारी असताना, महिन्याला ठरावीक पगार घरी पाठवणारी नोकरी कुणी धरली तर त्याने कुणाची बाजू घेतली? दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य पंचवीस लाखांच्या घरात गेलं आणि त्यात सक्तीची भरती नव्हती. गरिबीने, घराण्याच्या रीतीने, गावातला दुसरा गेला म्हणून, अशा अनेक कारणांनी लोक गेले. तुझे पणजोबा कशासाठी गेले हे आता कुणालाच सांगता यायचं नाही. त्यांना वीर ठरवायची गरज नाही आणि गुन्हेगार ठरवायचीही नाही. आजोबा तिथं जाणार आहेत ते स्वतःच्या वडिलांकडे. साम्राज्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही.

आणि इटलीतले लोक या सैनिकांना विसरले आहेत असंही काकांनी समजू नये. यशवंत घाडगे जिथं लढले त्या भागात, मोन्तोने या गावात, २०२३ साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातलं स्मारक उभं राहिलं. आब्रुत्सोच्या ज्या किनाऱ्याला तुम्ही जाणार आहात तिथली गावंच्या गावं त्या हिवाळ्यात उद्ध्वस्त झाली होती. तेव्हा तान्ही असलेली माणसं आज आजोबांच्याच वयाची आहेत. एखादा म्हातारा इटालियन शेतकरी बाकावर बसलेला दिसला तर तुझ्या फोनमधल्या भाषांतराच्या मदतीने दोघांना बोलू दे. त्या संभाषणासाठी जितका वेळ लागेल तितका लागू दे.

तुझी भीती राहिली. खचतील का, की काहीच वाटणार नाही?

मला वाटतं या दोन्ही भीतींच्या मुळाशी एक समजूत आहे: स्मारकापुढे उभं राहिल्यावर आजोबांना काहीतरी मोठं वाटलं पाहिजे, आणि ते वाटायला लावायची जबाबदारी तुझी आहे. ज्यांनी वडील पाहिलेच नाहीत त्यांचं दुःख मरणाच्या बातमीसारखं येत नाही. ते शाळेच्या दाखल्यावर ‘पालक’ या रकान्यात मामाचं नाव लिहिताना आलेलं असतं, स्वतःच्या लग्नात आलेलं असतं, मुलगा झाला तेव्हा त्याला कसं उचलायचं हे कुणाचं बघून शिकायचं, तेव्हा आलेलं असतं. आजोबांनी ते थोडं थोडं करून ऐंशी वर्षं सोसलं आहे. तिथं ते रडले तर रडू दे. रडले नाहीत, नुसतं नाव वाचून ‘बरं, चला’ म्हणाले, तरी तो प्रवास फुकट गेला असं तू मनातसुद्धा आणू नकोस. कदाचित आठ दिवसांनी, म्युनिकच्या घरात भाजी चिरताना, ते काहीतरी बोलतील. कदाचित गावी परतल्यावर तुझ्या वडिलांशी बोलतील, तुझ्याशी बोलणारच नाहीत. तेही चालेल.

म्हणून स्मारकापुढे कॅमेरा लावून ‘आजोबा, काय वाटतंय?’ असं विचारू नकोस. जे विचारायचं ते आत्ताच, फोनवर, थोडं थोडं विचार. पणजी वडिलांविषयी काय सांगायची, ती कुंकू लावायची का, पेन्शन आणायला कुठं जायची, तार आली तेव्हा कोण वाचून दाखवायला आलं असं तिने सांगितलं. परवानगी घेऊन रेकॉर्ड कर. आणि एक प्रश्न नक्की विचार: ‘तिथं गेल्यावर तुम्हाला काय करायचंय?’ तू गृहीत धरलं आहेस की त्यांना बघायचं आहे. कदाचित त्यांना काही करायचं असेल. तर्पण करायचं असेल, पणजीची एखादी वस्तू नावाला टेकवायची असेल, नुसतं बसायचं असेल. त्या उत्तरावर सगळा कार्यक्रम ठरेल.

नोंद पक्की झाली की अग्नीची बातमी त्यांना घरीच सांगायची. स्मारकाच्या दारात त्यांना ती कळता कामा नये. सांगताना तुझे वडील जवळ असू देत. खरं तर वडिलांनीच सांगावी. तुझ्या पत्रात ते फक्त पैशाला विरोध करणारे म्हणून येतात, पण ते अशा बापाच्या हाताखाली वाढले आहेत ज्याला बाप नव्हता. त्यांच्या चिडण्यात त्याचा काही भाग असेल. आजोबांबरोबर तू एकटी जायचं असं ठरवून टाकलं आहेस, त्याचा एकदा फेरविचार कर. टूरच्या पैशांत तिघांचा इटलीचा प्रवास होईल. वडील नाही म्हणाले तर ठीक, पण त्यांना ‘तुम्ही याल का?’ असं कुणी विचारलंच नाही, असं नको. बहुतेक घरांत नातवंडं उत्साहाने आजी-आजोबांना घेऊन निघतात आणि मधली पिढी तिकिटाचे पैसे देऊन दारात उभी राहते. एका मुलाला वडिलांच्या खांद्यावर हात ठेवायची संधी पुन्हा मिळेलच असं नाही.

आता टूर. नाही जमणार. सात देशांच्या टूरमध्ये रोज पहाटे बॅगा बाहेर, दिवसभर बस, जेवणाच्या वेळा पुढेमागे. मधुमेह आणि स्टेंट असलेल्या माणसाने ते का करावं? आणि टूरची कुठलीही बस सांग्रोला जात नाही. ते ठिकाण रोमच्या पलीकडच्या बाजूला, एड्रियाटिक समुद्राजवळ, तोरिनो दि सांग्रो या छोट्या गावाच्या हद्दीत आहे. नकाशात किंवा तिकीट काढताना नुसतं ‘तोरिनो’ लिहिलंस तर उत्तरेतलं मोटारींच्या कारखान्यांचं मोठं शहर पुढे येईल. तिथून सांग्रो शेकडो किलोमीटर लांब आहे, हे लक्षात ठेव.

माझ्या मते आजोबांनी आधी चार-पाच दिवस तुझ्या घरी नुसतं राहावं. वेळेतला फरक अंगातून जाऊ दे, जेवण अंगी लागू दे, साखर तपासून गोळ्यांच्या वेळा नव्या घड्याळाला जुळवू दे. मग म्युनिकहून विमानाने रोम, तिथं एक रात्र आराम. दुसऱ्या दिवशी ॲपेनाइन डोंगर ओलांडून पेस्काराला, मोटारीने अडीच-तीन तास. पेस्कारामध्ये किंवा त्याच्या दक्षिणेला किनाऱ्यावर लिफ्ट असलेली जागा घे आणि तीन रात्री राहा. तिथून स्मारक तासाभराच्या अंतरावर आहे. सार्वजनिक वाहनाने जाण्याच्या भानगडीत पडू नकोस, चालकासह गाडी घे. जागा उताराची आहे, म्हणून चाकाची खुर्ची कुठपर्यंत जाते ते कमिशनच्या संकेतस्थळावर आधी बघून ठेव आणि शंका असेल तर त्यांना लिहून विचार.

तीन रात्री अशासाठी की तिथं दोनदा जायचं. पहिल्या दिवशी फक्त नाव शोधायचं, बघायचं, परत यायचं. काही विधी नाही, फोटो फार नाही. थकवा, ऊन, मनाची अवस्था, सगळं पहिल्याच तासावर टाकू नये. दुसऱ्या दिवशी किंवा एक दिवस सोडून, त्यांना जे करायचं असेल त्यासाठी जायचं. दोन्ही खेपांच्या मध्ये नदी दाखव. नोव्हेंबर १९४३मध्ये सततच्या पावसाने सांग्रोला पूर आला होता, बांधलेले पूल वाहून गेले आणि पलीकडच्या उंचवट्यावर जर्मन फळी होती. एरवी ही नदी पाहून कुणाला त्याची कल्पना येणार नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला पूर म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

तिथं एका कप्प्यात अभ्यागतांची वही असते. आजोबांना मराठीत लिहू दे, हवं तेवढं.

विधींबद्दल थोडं स्पष्ट बोलते, कारण हे विचारणारी पत्रं अधूनमधून येतात. आवारात काही पेटवू नये, उदबत्तीसुद्धा विचारल्याशिवाय नको. तर्पणाला पाणी, तीळ आणि दर्भ पुरतात, आणि पाण्याने कुणाची अडचण होत नाही. आजोबांना गावची माती न्यायची इच्छा असेल तर ती मोडावी लागेल. भारतासारख्या देशांतून युरोपीय संघात माती नेता येत नाही, आणि परदेशातली माती आपल्याकडे आणायलाही परवाना लागतो. दुधाचे पदार्थही प्रवाशाला नेता येत नाहीत, त्यामुळे साताऱ्याचे कंदी पेढे नैवेद्याला नेण्याचा विचार असेल तर ते विमानतळावर काढून घेतले जातील. गूळ-शेंगदाण्याचे लाडू कर, तूप न घालता. किंवा तिथल्या दुकानात दूध-तांदूळ घे आणि राहत्या जागी खीर कर. वडिलांसाठी मुलाने पहिल्यांदा केलेली खीर इटलीच्या दुधाची असली म्हणून काही बिघडत नाही.

तिथीचं म्हणशील तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तो भाग थंड आणि ओला असतो, या वयात नको. पितृपक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येतो, तेव्हा तिथली हवा चांगली असते. शस्त्राने मृत्यू आलेल्यांचं श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीला करायची आपल्याकडे रीत आहे आणि तिथी माहीत नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या आहेच. आजोबांना हे मानायचं असेल तर हे दोन दिवस लागून येतात. तुझ्या दोन खेपांना ते नेमके बसतात. त्यांना यात रस नसेल तर मे महिना उत्तम.

व्हिसाची तयारी चार-पाच महिने आधी सुरू कर. शेंगेन व्हिसाचा अर्ज जिथं सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो. मुक्काम तुझ्याकडे जास्त असेल तर जर्मनीकडे, म्युनिकहून इटलीला जायला वेगळा व्हिसा लागत नाही. तू त्यांचा खर्च उचलणार असशील तर म्युनिकमधल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून खर्चाच्या हमीचं पत्र काढून पाठव, त्याला वेळ लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पण तो आकडा व्हिसापुरता आहे. आजोबांसाठी विमा घेताना आधीपासूनचे आजार, विशेषतः हृदयाचा त्रास, त्यात धरले आहेत का हे कागदावर वाच, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस. ऐंशीच्या पुढे हप्ता जास्त बसतो, तिथं काटकसर नको.

आत्याला या कामात घे. हृदयाच्या डॉक्टरांकडे तिनेच त्यांना न्यावं, प्रवासाला तंदुरुस्त असल्याचं लेखी आणावं, औषधांची मूळ नावं असलेली इंग्रजी चिठ्ठी घ्यावी. गोळ्या दोन बॅगांत विभागून, इन्सुलिन असेल तर हातातल्या पिशवीत. थेट विमान मिळत असेल तर तेच घ्या आणि चाकाच्या खुर्चीची सोय तिकीट काढतानाच मागा. आजोबा ‘मला कशाला?’ म्हणतील, तरी मागा. डॉक्टर नाही म्हणाले तर मात्र ऐकायचं. मग तू आणि तुझे वडील जा, आणि नावापुढून आजोबांना व्हिडिओ कॉल करा. ते कमी आहे हे मला माहीत आहे, पण तरीही ते खरंच असेल.

स्वित्झर्लंडचा प्रश्न इटलीहून परतेपर्यंत उघडूच नकोस. शेवटचे चार-पाच दिवस कोरे ठेव, कुठलंही आरक्षण करू नकोस. परतल्यावर त्यांना विचार. झोपायचं म्हणाले तर झोपू दे. बर्फ बघायचा म्हणाले तर म्युनिकहून गार्मिश-पार्टेनकिर्शेन रेल्वेने दीड तासाच्या आत आहे. तिथून जवळच्या आइबझे तळ्यापासून केबल कार झुगस्पिट्झे शिखराच्या माथ्यावर, २,९६२ मीटरवर नेते. स्टेंट असलेल्या माणसाला इतक्या उंचीवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नकोस. खाली तळ्याच्या काठी बसूनही डोंगर छान दिसतो.